धोंगड्यांच्या गाडीची काजळी

"डिझेलच भेसळीचं आहे," धोंगडे साहेब स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले. "तुमच्या विट्यातलं. नगरला असं नव्हतं."

मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर हातातला पाना त्यांच्या पायावर पडला असता, आणि तो काही चुकून पडला नसता.

"साहेब, मागच्या खेपेला तुम्ही एअर फिल्टर म्हणाला होता."

"तोही असेल."

"त्याच्या आधी बॅटरी."

"बॅटरी तर आहेच. शिकलगार, मी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढली. एका चुकीमागे चार कारणं असतात. तुम्ही एकच धरून बसलाय."

एकच धरून बसलो होतो हे खरं होतं. चार महिन्यांत ती गाडी चौथ्यांदा माझ्या गॅरेजात आली होती आणि चारही वेळा आजार तोच होता. किल्ली फिरवली की इंजिन हिवताप भरल्यासारखं थरथरायचं, मागच्या नळीतून काळा धूर निघायचा, आणि चढ लागला की गाडी जीव सोडायची. मी गाडी चालू ठेवून एका छोट्या पंपाने धुराच्या वाटेवरच्या व्हॉल्व्हला बाहेरून उघडझाप करायला लावत होतो. निरोगी व्हॉल्व्ह असला तर तो उघडल्यावर इंजिन अडखळतं आणि मिटल्यावर सावरतं. इथे मी पंप मारला काय अन् सोडला काय, इंजिन आपलं अडखळतच होतं. म्हणजे झडप अर्धवट उघडी राहून अडकलेली होती. पुन्हा.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा थोडा जळका वायू परत इंजिनात सोडायची सोय असते. त्याने आतली आग जरा मंद राहते आणि बाहेर पडणारा विषारी वायू कमी होतो. ही ये-जा एक व्हॉल्व्ह सांभाळतो, त्याला आम्ही ईजीआर म्हणतो. पण जळका वायू म्हटला की काजळी आली. ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी साचते, झडप मिटत नाही, नको तेव्हाही धूर आत जात राहतो, आणि इंजिनाला श्वास पुरत नाही. यावर आमच्या भागातल्या मिस्त्रींचा एक रामबाण उपाय होता. पत्रा कापायचा, वाटेत बसवायचा, वाट कायमची बंद. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री मोकळा, आणि विषारी वायू गेला गावाच्या नाकात. मी तो पत्रा कधी मारला नाही. माझ्या गॅरेजच्या दारावर तसं लिहूनच ठेवलं होतं, आणि त्या पाटीवरूनच खिलारे साहेब माझ्याकडे आले होते.

हे खिलारे तालुक्यातल्या एका दूध संघाच्या गाड्यांचे प्रमुख. संघाच्या चौदा पिकअप गाड्या रोज गावोगावचं दूध गोळा करायच्या. त्यातल्या तीन गाड्यांना कुणीतरी पत्रे मारले होते आणि पाठोपाठ तिन्हींची इंजिनं तापून बसली. पत्र्यानेच बसली की आणखी कशाने, देव जाणे, पण खिलारे साहेबांनी पत्र्याचा धसका घेतला होता.

"दस्तगीर, तुजी पाटी वाचली," ते म्हणाले होते. "पाटी कुनीबी लावतंय. माज्या दोस्ताच्या वडलांची एक गाडी हाय. पाच गॅरेजं फिरली. पत्रा न मारता तिचा दोष काढ. निघाला तर चौदाच्या चौदा गाड्या तुज्याकडं."

चौदा गाड्यांचं काम म्हणजे काय ते सांगतो. मी तेव्हा चौतिशीत होतो. कराडच्या एका मोठ्या गॅरेजात अकरा वर्षं हाताखाली काढून, उस्तादाशी भांडून बाहेर पडलो होतो. भांडण याच पत्र्यावरून. निघताना उस्ताद म्हणाला होता, "जा. वर्षात परत येशील." वर्ष संपायला चार महिने राहिले होते. गॅरेजात दिवसाला एक गाडी आली तर आली. परत जायचं की इथे नाव काढायचं, याचा निकाल धोंगड्यांच्या त्या राखाडी गाडीवर लागणार होता, आणि धोंगडे साहेब स्टुलावर बसून मला डिझेलची भेसळ समजावून सांगत होते.

"साहेब, गाडी चालवता कशी?" मी चौथ्यांदा विचारलं.

"कशी म्हणजे? व्यवस्थित."

"जवळच्या जवळ फिरवत नाही ना? दूध आणायला, भाजी आणायला? अशानं इंजिन तापत नाही आणि काजळी धरते."

"छे, छे. एक दिवसाआड कराड. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर."

"वेगात?"

"साठ-सत्तर. मी नियमाने चालवणारा माणूस आहे."

आता याला काय म्हणावं? एक दिवसाआड ऐंशी किलोमीटर सत्तरने पळणाऱ्या गाडीत इतकी काजळी जमत नाही. मी व्हॉल्व्ह खोलला तेव्हा त्याचं तोंड असं भरलं होतं की करंगळी जाईना. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर ओल्या डांबरासारखे गोळे निघाले. महिन्यापूर्वीच मी हाच व्हॉल्व्ह तोंड दिसेपर्यंत लख्ख केला होता. तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग कुणावर काढायचा? व्हॉल्व्हवर?

तरी म्हटलं, कुठे काही राहायला नको. इंजेक्टर तपासले, ठीक. टर्बो हाताने फिरवून बघितला, ठीक. नळ्या एकेक फुंकून बघितल्या. थर्मामीटर लावून इंजिन किती तापतं ते बघितलं. व्हॉल्व्ह साफ केला, नवं गास्केट घातलं, रेणावीच्या घाटाला चाचणी घेतली. गाडी हरणासारखी पळाली. धोंगडे साहेबांचा गुडघा दुखत होता, म्हणून नेहमीप्रमाणे मीच ती त्यांच्या दारात नेऊन लावली आणि रिक्षाने परत आलो. हा त्यांचा गुडघाही अजब होता. गॅरेजात येऊन दोन-दोन तास स्टुलावर बसताना दुखायचा नाही. गाडी नेताना-आणताना बरोबर दुखायचा.

जाताना त्यांना हात जोडले. "साहेब, आता काय झालं तर खिलारे साहेबांच्या आधी मला सांगा."

"मी कशाला सांगू त्यांना?" ते म्हणाले. "विचारतात तेव्हा सांगावं लागतं."

आणि सांगायचेही. खिलारे साहेबांना ते सगळं सांगायचे. धूर किती, थरथर किती, शिकलगारने काय काय खोललं. बाजारात मला कुणी भेटलं की आधी हसायचं, मग विचारायचं, "काय दस्तू, मास्तरांची गाडी पास झाली का?" ते मास्तर नव्हते, पण विट्यात चष्मा लावून हळू बोलणारा प्रत्येक माणूस मास्तरच. माझ्या दारावरच्या पाटीखाली कुणीतरी खडूने लिहून गेलं होतं, नाचता येईना अंगण वाकडे.

पाच आठवड्यांनी धोंगडे साहेबांचा फोन आला.

"शिकलगार, थरथरतेय."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मला वाटतं इंजिनाचे फाउंडेशन गेलेत. रबरं."

मी फोन ठेवला. खरं सांगतो, त्या माणसाच्या वयाचा मान नसता तर मी काय बोललो असतो ते छापता आलं नसतं. त्याच सकाळी खिलारे साहेब गॅरेजात येऊन गेले होते. "सोमवारी संचालकांची बैठक हाय. गाड्यांचं काम कुनाला द्यायचं ते त्याच दिवशी ठरनार. मी येतो जाता जाता. त्या गाडीचा दोष काय होता ते मला एका वाक्यात सांगायचं. समजलं तर तुजं काम, न्हाईतर गाड्या कराडच्या गॅरेजला." आज गुरुवार होता.

मी त्या गाडीची सगळी कार्डं काढून टेबलावर मांडली. कराडच्या उस्तादाने मला एक सवय लावली होती. गाडी आत येताना आणि बाहेर जाताना किती किलोमीटर झालेत ते कार्डावर लिहायचं. आम्ही सगळेच लिहितो. आणि सगळेच ते फक्त पुढचं ऑइल कधी बदलायचं तेवढ्यापुरतं बघतो. मी व्हॉल्व्ह चार वेळा खोलला, पण ते आकडे एकदाही एकाखाली एक धरले नव्हते.

आता धरले. पहिल्या खेपेला बाहेर जाताना अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा. दुसऱ्या खेपेला आत येताना अठ्ठेचाळीस हजार दोनशे एकोणीस.

सात.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुढची कार्डं बघितली. सात. पुन्हा सात. धोंगड्यांचं घर गॅरेजपासून साडेतीन किलोमीटर. म्हणजे मी गाडी त्यांच्या दारात नेऊन लावली, आणि महिन्या-दीड महिन्याने मीच ती दारातून परत आणली. मधल्या काळात तिचं चाक फिरलंच नव्हतं. आणि तरी व्हॉल्व्ह काजळीने बुजला होता, आणि टाकीतलं डिझेलही प्रत्येक वेळी उतरलेलं असायचं. याचा अर्थ एकच. गाडी चालू व्हायची आणि उभ्या जागी तासन्‌तास चालूच राहायची. एखाद्या व्हॉल्व्हला मारायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही.

आणि हा माणूस मला ऐंशी किलोमीटर सांगत होता! आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस! मी कार्डं खिशात घातली, हातही न धुता रिक्षा पकडली. दुपारचे सव्वातीन झाले होते. वाटेत मी काय काय बोलायचं ते तयार करत होतो, आणि ते सगळं मोठ्या आवाजात बोलायचं होतं.

धोंगड्यांचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, पलीकडे नुसती शेतं. फाटकापाशी उतरलो तेव्हाच इंजिनाचा आवाज आला. अडखळत, थरथरत चाललेला. कोपऱ्यावर पेरूचं झाड होतं, त्याच्या अलीकडे मी थांबलो.

गाडी अंगणात उभी होती. धोंगडे साहेब चालकाच्या जागेवर बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. डावीकडे त्यांची बायको. मी पाच महिन्यांत त्या बाईंना एकदाही बघितलं नव्हतं. पांढरे केस घट्ट बांधलेले, मांडीवर एक वही, हातात पेन.

"आरसा," बाई म्हणाल्या.

धोंगडे साहेबांनी आरसा नीट केला.

"नुसता हलवू नका. बघा त्यात. काय दिसतं?"

"पेरूचं झाड."

"आणि?"

"आणि..." धोंगडे साहेबांना आरशात मी दिसलो. त्यांचा चेहरा जो उतरला तो मला अजून आठवतो. "आणि एक माणूस."

"मग थांबा. माणूस दिसला की आधी थांबायचं. किती वेळा सांगू? क्लच पूर्ण दाबा. पूर्ण! तुमच्या बॅचमधल्या बायका तुमच्यापेक्षा लवकर शिकल्या."

"हो बाई," धोंगडे साहेब म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. गाडी जागेवरच होती. ती कुठे जाणारही नव्हती.

थोड्या वेळाने साहेब उतरून माझ्याकडे आले. लंगडत नव्हते. इंजिन तसंच चालू होतं.

"मोठ्याने बोलू नका," ते म्हणाले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी कार्डं पुढे केली. त्यांनी बघितली. आकडे बघायची सवयच होती त्यांना, एका नजरेत समजले.

"सात," ते म्हणाले.

"ऐंशी म्हणाला होता तुम्ही."

"मला गाडी चालवता येत नाही, शिकलगार."

मी कार्डं परत खिशात घातली.

"खात्यात जीपला ड्रायव्हर असायचा. घरी ही असायची. हिने नगरला बावीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शालिनीबाई म्हटलं की आख्खं नगर ओळखायचं. हजार-बाराशे माणसं शिकवली असतील. मला म्हणायची, तुम्हीही शिका. मी म्हणायचो, उद्या. आता तीन वर्षं झाली, हिला काही आठवत नाही. सकाळी मी तिला परका माणूस वाटतो. ओरडते, जेवत नाही, कपडे बदलू देत नाही; मी गॅरेजात येतो तेव्हा कामवालीच तिला सांभाळते. एकदा तीनच्या सुमाराला सहज गाडी पुसायला काढली, तर ही वही घेऊन येऊन बसली. तीन ते पाच तिची दुपारची बॅच असायची. मला म्हणाली, नवीन का तुम्ही? बसा. तेव्हापासून रोज. दोन तास शिकवते आणि मग शांत जेवते. इंजिन बंद केलं की तिला कळतं. म्हणून बंद करत नाही."

"मग मला खरं का नाही सांगितलं? मी इथं पाच महिने मरतोय!"

"हळू. खिलारे मंदारचा मित्र आहे. मंदार म्हणजे आमचा मुलगा. तो पुण्याहून रोज एकच सांगतो. गाडी विका आणि आईला इकडच्या केंद्रात आणून ठेवा. खिलारेला दुपारी कळलेलं मंदारला संध्याकाळी कळतं. हे असं कळलं तर तो येऊन आधी किल्ली घेईल. मग माझ्याकडे काय उरतं? हे दोन तास आहेत, शिकलगार. तेवढेच आहेत. म्हणून खिलारेला मी धूर, बॅटरी, डिझेल असलं सांगत बसतो. गाडी चालवतोय असं वाटायला हवं ना त्याला."

माझा राग कुठे गेला नव्हता. उलट आणखी वाढला, कारण आता तो काढायला माणूसच उरला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, हा धूर अंगणात कोंडतो. तुम्ही दोघं तोच घेताय. आणि मी व्हॉल्व्ह शंभर वेळा धुतला तरी उभ्या गाडीत तो भरणारच. हिला पळवली पाहिजे. तिसऱ्या गिअरमध्ये, चढाला, इंजिन चांगलं तापेपर्यंत."

"कोण पळवणार?"

तेवढ्यात गाडीतून आवाज आला. "अहो, पुढचा कोण आहे? वेळ जातोय!"

धोंगडे साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काळ्या हातांकडे बघितलं, शर्टाला पुसले आणि जाऊन चालकाच्या जागेवर बसलो. ते मुकाट्याने मागे बसले.

"नवीन का?" बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"हात धुऊन यायचं उद्यापासून. सीट पुढे घ्या. आरसा."

मी सोळाव्या वर्षापासून गाड्या चालवतो. त्या दिवशी फाटकाबाहेर पडेपर्यंत मला चार चुका सांगण्यात आल्या. इंडिकेटर उशिरा दिला. क्लचवर पाय ठेवून चालवतो. एक हात गिअरवर टेकवून ठेवायची सवय वाईट. आणि हॉर्न वाजवायला काय लग्नाची वरात आहे का? रस्त्याला लागलो तशा त्या सावरून बसल्या. एसटी समोरून आली की त्यांचा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. डाव्या बाजूच्या त्या मॅटला नेमकं तिथेच भोक पडलं होतं.

रेणावीचा घाट सुरू झाला. मी तिसरा गिअर ठेवला आणि दाबली. इंजिन ओरडायला लागलं.

"गिअर बदला! ऐकू येत नाही का?"

"बाई, काजळी जाळायचीय. ईजीआर तुंबलाय."

त्यांनी मान जराशी तिरकी केली आणि इंजिनाकडे कान दिला. मग शाळेतल्या बाईंसारख्या म्हणाल्या, "बरोबर. राहू द्या तिसराच. पण मला हे सांगा, असं होईपर्यंत कोण मूर्ख गाडी उभी करून चालू ठेवतो?"

मी आरशात बघितलं. मागे धोंगडे साहेब खिडकीबाहेर बघत होते. गाडीमागून काळा लोट निघत होता, मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत बाजूला झाला. घाटाच्या मध्यावर लोट विरळ झाला. वर पोचलो तेव्हा मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

शुक्रवारी मी व्हॉल्व्ह खोलून शेवटचा साफ केला. शनिवारी आणि रविवारी दुपारी तीन वाजता गॅरेज बंद करून गेलो, घाट चढून आलो. गाडी शिवणाच्या मशीनसारखी चालायला लागली. आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. गाडी चालत नाही, उभी राहते, म्हणून तुंबते. खिलारे साहेबांना एका वाक्यात हवं होतं, ते इतकं सोपं होतं. पुरावा म्हणून चार कार्डंही होती.

सोमवारी सकाळी खिलारे साहेब आले. धोंगडे साहेब आधीच येऊन स्टुलावर बसले होते. मी बोलावलं नव्हतं. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे.

"हं, दस्तगीर. बोल. काय दोष हुता?"

मी कार्डं टेबलाच्या खणात ठेवली होती. खण उघडायला दोन पावलं पुरली असती. मनात म्हटलं, यात माझा काय दोष? मी खोटं बोललो नाही. मी पाच महिने घासलंय. उस्ताद कराडला हसायला बसलाय. आणि हा म्हातारा, त्याने मला एकदा तरी खरं सांगितलं होतं का?

"व्हॉल्व्ह तुंबतोय साहेब."

"त्ये मला ठाव हाय. का तुंबतोय?"

धोंगडे साहेब माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीवर ऑइलचा एक डाग होता, त्याच्याकडे बघत होते.

"सगळं तपासलं," मी म्हणालो. "कारण न्हाई सापडलं."

"पाच महिन्यांत न्हाई सापडलं?"

"न्हाई."

खिलारे साहेबांनी खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "मला वाटलं हुतं तू पोचशील तिथवर. आता संचालकांना मी काय सांगू? कराडलाच द्यावं लागंल." मग ते साहेबांकडे वळले. "काका, तुमाला तरी काय वाटतं?"

आणि धोंगडे साहेबांनी मान वर केली, चष्मा सारखा केला, आणि माझ्या देखत, माझ्या गॅरेजात, माझ्या स्टुलावर बसून म्हणाले, "मला वाटतं, टर्बो आहे. मी सांगत होतो. यांनी मनावर घेतलं नाही."

खिलारे साहेब गेले. मग धोंगडे साहेब उठले, माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि सोडेनात. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती आणि स्टूल उचलून घालावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. मी म्हणालो, "जावा आता. तीनला येतो."

दूध संघाच्या गाड्या कराडला गेल्या. वर्ष संपलं, मीही गेलो. उस्तादाने जास्त टोचलं नाही, एवढं त्याचं मोठेपण. विट्यात पुन्हा गॅरेज घालायला मला आणखी सहा वर्षं लागली. त्या तीन महिन्यांत मात्र मी रोज तीनला जायचो, आणि कराडला गेल्यावर जमेल तेव्हा, सुट्टीच्या दिवशी. बाई होत्या तोवर. मंदारला अखेरपर्यंत काही कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच सोमवारचं. तीनला पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. सकाळपासून मनात एकच चाललं होतं, की मी मूर्ख आहे, सगळं गाव म्हणतंय तसाच मूर्ख आहे. हात धुऊन गाडीत बसलो. आरसा बघितला. किल्ली फिरवली.

बाईंनी वही उघडली होती, पण काही लिहिलं नाही. मान तिरकी करून इंजिन ऐकत बसल्या. मिनिटभर, दोन मिनिटं. मला वाटलं, झालं, काहीतरी ऐकू आलं यांना.

"थरथर नाही," त्या म्हणाल्या. "धूरही नाही. बघा ना, काटा कसा एका जागी आहे. कुणाचा हात आहे हो या गाडीला?"

मागे धोंगडे साहेब एकदम पुढे सरकले. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"गावात एक मिस्त्री आहे बाई," मी म्हणालो.

"त्याला सोडू नका," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. "असे मिळत नाहीत. हं, क्लच."

मला पुढचा रस्ता दिसेना. बाई ओरडल्या, की डोळे पुसायचे तर गाडी निघायच्या आधी पुसा, नंतर नाही. मी पुसले, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.